उन्हाचा उजेड आणि उन्हाची धग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमांवर व्यासंगी मंडळींची भाषणे झाली. त्या पंक्तीत, कॅमेऱ्यातील रोलाला धग लागू नये म्हणून काय करावे, असा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस काहीसा संकोच वाटतो. परंतु हा विषय कार्यकारिणीनेच आम्हां हौशी छायाचित्रकारांकडे सोपविला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

येत्या एप्रिल महिन्यात आपली सहल नागौरजवळ ताउसर येथे जाणार आहे. १७५५ साली नागौरच्या वेढ्यात असताना जयाप्पा शिंदे यांचा तेथे घात झाला. त्यांची छत्री ताउसरला आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मारवाडच्या भूमीवर उभी असलेली ही मराठी खूण आपल्या मंडळाच्या चित्रसंग्रहात असावी, आणि तिची चित्रे नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांबरोबर जुन्या फिल्मवरही घ्यावीत, असे ठरले आहे. फिल्मचा आग्रह कोणी धरला, असे विचारले तर उत्तर आपल्या कार्यालयातील कपाटात आहे.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी त्या कपाटातील सर्व निगेटिव्ह काढून, एकेक पट्टी उजेडासमोर धरून पाहिली. पहिल्या काही वर्षांच्या कृष्णधवल निगेटिव्ह आजही स्वच्छ आहेत. ज्या मंडळींनी हे मंडळ उभारले, भाड्याच्या दोन खोल्यांत पहिला गणपती बसविला, त्यांपैकी कित्येक आज आपल्यात नाहीत. त्यांचे चेहरे त्या पट्ट्यांवर इतके ठसठशीत आहेत, की काकूंच्या नथीतील मोतीही मोजता यावेत. पण त्याच कपाटात एका उन्हाळी वनभोजनाचा रंगीत रोल आहे. त्यावरील प्रत्येक चेहरा जांभळट, झाडांच्या सावल्या राखेसारख्या, आणि ज्यांच्यासाठी तो रोल जपावा असे वाटते ते गृहस्थ धुक्यातून चालत आल्यासारखे दिसतात. त्यांचे दुसरे चित्र मंडळाजवळ नाही. आजच्या भाषणाचे प्रयोजन या दोन पट्ट्यांमधील अंतर होय.

फिल्मवर जो संवेदनशील थर असतो, तो जिलेटिनमध्ये विखुरलेल्या चांदीच्या क्षारांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा. प्रकाशाचा किरण स्फटिकावर पडला, की त्याच्या ऊर्जेने स्फटिकात डोळ्यांना न दिसणारा बदल घडतो. पुढे रसायनात तोच स्फटिक काळ्या चांदीत रूपांतरित होतो. आता ऊर्जा देण्याचे काम केवळ प्रकाशच करतो असे नाही. उष्णताही करते, फक्त ती सावकाश करते. रोल गरम जागी पडून राहिला, की एकेक स्फटिक प्रकाश न लागताच 'जागा' होतो, आणि रोल धुतल्यावर सर्वत्र एक पुसट करडा थर उमटतो. छायाचित्रकार याला रोल 'फॉग' झाला असे म्हणतात. जो रोल मंद प्रकाशात चित्र घेण्यासाठी अधिक संवेदनशील बनविलेला असतो, तो या व्याधीला अधिक लवकर बळी पडतो. म्हणून कडक उन्हातील सहलीला चारशे 'स्पीड'चा रोल नेण्यापेक्षा शंभराचा न्यावा. प्रकाशाला तोटा नसतोच.

रंगीत फिल्मची कथा आणखी नाजूक आहे. तिच्यात निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात, आणि उष्णतेत प्रत्येक थर आपापल्या गतीने म्हातारा होतो. तिन्ही सारखे बिघडले असते तर छापताना सुधारणा करता आली असती. पण सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याकडे. छापणाऱ्याने चेहरा नीट करावा, तर लुगडे बिघडते. वनभोजनाच्या त्या रोलाचे नेमके हेच झालेले दिसते.

मात्र उष्णता म्हणजे विष, दिसताच पळावे, असा समज कोणी करून घेऊ नये. रंगीत निगेटिव्ह रोल ज्या रसायनात धुतात त्याचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते, आणि त्यात तो सव्वातीन मिनिटे बुडवून ठेवतात. आपल्या मे महिन्यातील दुपारइतकीच ती धग. पण तिने फिल्मचे काही बिघडत नाही. बिघडते ते उष्णता आणि काळ यांच्या गुणाकाराने. दहा मिनिटांची चाळीस अंश धग फिल्म सहज सोसते. दहा दिवसांची सोसत नाही. आणि तापमान जसजसे वर जाते तसतसा हा काळ झपाट्याने आखूड होतो. हे एकदा मनात ठसले, की उरलेल्या सूचना ज्याच्या त्याला सुचतील. ऊन टाळणे आपल्या हातात नाही, कारण उन्हासाठीच तर आपण बाहेर पडतो. धगीत रोल किती वेळ राहील, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

कारखानदार सांगतात, की साधा रोल एकवीस अंशांच्या आत आणि व्यावसायिकांचा रोल तेरा अंशांच्या आत ठेवावा. राजस्थानात राहणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येते. आपल्याकडे मे महिन्यात दिवसाचा पारा चाळिसांच्या घरात असतो, आणि पहाटेसुद्धा एकवीस अंश हाती लागत नाहीत. १९ मे २०१६ रोजी आपल्याच राजस्थानात फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली. थंड हवेच्या देशांत बसून लिहिलेले नियम येथे अक्षरशः पाळता येत नाहीत. त्यांचा आशय तेवढा पाळावा लागतो.

हा झगडा नवा नाही, आणि या शहराला तर तो विशेष परिचयाचा आहे. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे हे स्वतः छायाचित्रकार होते. १८८० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळी काचेवर कलोडियनचे ओले लेपन करून, ते ओले असतानाच चित्र घ्यावे आणि लगेच धुवावे, अशी पद्धत होती. कलोडियनमध्ये ईथर असते, आणि ईथर ३५ अंशांच्या आतच उकळू लागते. जयपूरच्या उन्हाळ्यात काचेवर असा लेप पसरणे म्हणजे काय कसरत असेल, याची कल्पना करावी. लेप वाळण्याच्या आत सर्व उरकायचे! काळाशी शर्यत ही त्या मंडळींच्या रोजच्या व्यवसायाचा भाग होती. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या तेव्हा ही घाई संपली, परंतु जिलेटीन हे आपल्या सरसाच्याच जातीचे. कोमट पाण्यात ते फुगते आणि मऊ पडते. म्हणून उष्ण प्रदेशातील जुने छायाचित्रकार काचा धुताना बर्फ वापरीत आणि थर घट्ट राहावा म्हणून तुरटीच्या पाण्याचा आधार घेत. विलायतेतील कारखानदारांनी उष्ण कटिबंधासाठी सागवानाचे, पितळी पट्ट्यांनी जखडलेले कॅमेरे मुद्दाम बनविले, कारण साध्या लाकडाच्या पेट्या येथे तडकत आणि सांधे सुटत. सागवान आपले, ऊन आपले. कॅमेरा तेवढा त्यांचा.

मराठी माणसाचा या झगड्यातील वाटाही लहान नाही. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रीकरण केले. ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. उघड्या हवेत चित्रीकरण, आणि मग समुद्रमार्गे आठवड्यांचा प्रवास! दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तयार करताना हे परावलंबन ठेवले नाही. फिल्मच्या कडेची भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या घरात होत, आणि त्यांत सरस्वतीबाईंचा हात होता. घरच्या घरी धुण्यात केवळ काटकसर होती असे आम्हांस वाटत नाही. चित्र घेणे आणि धुणे यांमधला काळ त्यामुळे तुटला, हा त्यातील मोठा लाभ. पुढे स्वतंत्र भारतात सरकारने फिल्मचा कारखाना काढला तो उटीच्या थंड, स्वच्छ हवेत. 'इंदू' या नावाचे तेथील कृष्णधवल रोल आपल्यापैकी अनेकांनी वापरले असतील. तो कारखाना आता बंद झाला आहे.

आता ताउसरच्या वाटेकडे वळू.

फिल्मचा सर्वांत मोठा शत्रू वाळवंट नव्हे; उन्हात उभी केलेली बंद मोटार होय. काचेतून ऊन आत येते, आतील आसने आणि पत्रा तापतो, आणि ती ऊब काचेबाहेर जात नाही. बाहेर चाळीस अंश असता अर्ध्या तासात आतील हवा साठीच्या आसपास पोहोचते, आणि पुढील काचेखालचा डॅशबोर्ड त्याहूनही पुढे जातो. खिडकीची काच दोन बोटे खाली करून ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. 'पाच मिनिटांत आलोच' असे म्हणून माणूस उतरतो, चहा होतो, ओळखीचे कोणी भेटते, आणि पाऊण तास जातो. मराठी माणसे परक्या गावात एकमेकांना भेटली म्हणजे पाऊण तास हाही कमीच. तेवढ्यात डॅशबोर्डच्या कप्प्यातील रोलाने महिन्याभराचे आयुष्य गमावलेले असते. डिकीत थेट ऊन येत नाही, म्हणून ती आतील आसनापेक्षा बरी. पण तीही थंड नव्हे. चालत्या गाडीत रोलाची योग्य जागा म्हणजे वातानुकूलित भागात, पायाशी, सावलीत. आणि गाडी थांबली की माणसांबरोबर रोलही उतरावेत. तान्ह्या मुलाला जो नियम, तोच रोलाला.

रोल नेण्यासाठी थर्माकोलची पेटी उत्तम. औषधांच्या दुकानांत लशी ज्यांतून येतात, त्या पेट्या सहज मिळतात. पाण्याची एक बाटली रात्रभर गोठवून, ती वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून तळाशी ठेवावी, वर टॉवेल, आणि त्यावर घट्ट तोंडाच्या प्लास्टिकच्या पिशवीत रोल. बर्फ आणि रोल यांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये. ही पेटी दिवसभर पुरते, परंतु एका अटीवर: ती वारंवार उघडता कामा नये. आमचा अनुभव असा आहे, की ज्या पेटीत रोल असतात त्याच पेटीत कोणीतरी सरबताची बाटली ठेवतो, आणि मग मुले दर दहा मिनिटांनी झाकण काढतात. म्हणून दोन पेट्या असाव्यात आणि सरबताची पेटी अधिक मोठी व अधिक आकर्षक असावी.

बर्फ मिळाला नाही तरी अडून बसण्याचे कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात शीतपेटीहून जुने यंत्र आहे, ते म्हणजे माठ. पाण्याची वाफ होताना ते आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यातील शास्त्र. प्रवासी लोक कॅनव्हासची छागल गाडीला टांगत, तीही याच तत्त्वावर. राजस्थानची कोरडी हवा या युक्तीला फारच अनुकूल आहे. बेचाळीस अंशांच्या दुपारी हवेत आर्द्रता केवळ पंधरा टक्के असेल, तर ओल्या कापडाचे तापमान तत्त्वतः बावीस अंशांपर्यंत उतरू शकते. व्यवहारात इतके साधत नाही. पण दहा-बारा अंशांची उतार हाती लागली तरी रोलाला नवे आयुष्य मिळते. रोल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, डब्याभोवती ओले गोणपाट किंवा पंचा गुंडाळावा, आणि डबा सावलीत, वाऱ्याच्या झुळकेत टांगावा. ज्या लूला आपण शिव्या देतो, तीच येथे पंख्याचे काम करते. गोणपाट वाळू देऊ नये, आणि डब्यात पाणी शिरू देऊ नये.

हीच युक्ती कोणी सुटीत मुंबईला किंवा कोकणात जाऊन करील तर मात्र फसेल. तेथे तेहेतीस अंशांच्या दमट दुपारी ओले कापड चार-पाच अंशांपलीकडे थंड होत नाही, आणि उलट डब्याभोवती बुरशीला आमंत्रण मिळते. कोकणात धगीपेक्षा ओल मोठी वैरीण. तेथे सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. येथील उन्हाळ्यात त्यांची गरज नाही. प्रदेश बदलला की पथ्य बदलते, हे आपणां परप्रांती राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

थंड पेटीतून किंवा फ्रीजमधून काढलेला रोल लगेच उघडू नये. गार तांब्यावर जसे दव जमते तसे ते फिल्मवरही जमते, आणि जिलेटिनला ते डाग सोसत नाहीत. पिशवीचे तोंड बंद ठेवून रोल तास-दीड तास बाहेर राहू द्यावा. तो हवेच्या बरोबरीला आला की मगच डबी उघडावी. येथील कोरड्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर आणला तर सहसा दव धरत नाही, कारण हवेत तेवढे बाष्पच नसते. पावसाळ्यात मात्र धरते, आणि समुद्रकाठी तर बाराही महिने. भिंगावर धुके आले, तर पुसण्याची घाई न करता कॅमेरा पिशवीत घालून थांबावे.

रोल बदलताना सूर्याकडे पाठ करून, आपल्याच अंगाच्या सावलीत बदलावा. सर्वांत जवळची सावली ती, आणि ती कोठेही मिळते. कोरड्या हवेत आणखी एक बारकावा आहे. रोल संपल्यावर तो भराभरा मागे गुंडाळला, तर घर्षणाने वीज साठून सूक्ष्म ठिणग्या उडू शकतात, आणि चित्रावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. सावकाश गुंडाळावे.

कॅमेऱ्यालाही धग बाधते, पण त्याची तऱ्हा निराळी. बहुतेक कॅमेरे काळे. काळा रंग ऊन पितो, आणि तासभर उन्हात टांगलेला कॅमेरा हाताला चटका देतो. आत जो रोल असतो त्याला तोच चटका बसतो, हे आपण विसरतो. गळ्यात कॅमेरा अडकविताना त्यावर पांढरे उपरणे किंवा ओढणी टाकावी. चित्र घेतेवेळी बाजूस सारावी. मोठ्या लांब पल्ल्याच्या भिंगांना कॅननसारखे कारखानदार पांढरट रंग देतात तो शोभेसाठी नव्हे. आतील फ्लोराइटचे भिंग उष्णतेने लक्षणीय प्रसरण पावते, म्हणून. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर जो हॅसलब्लाड कॅमेरा नेला, त्यालाही चंदेरी लेप दिला होता. चंद्रावर झाड नाही आणि मांडवही नाही. सावली अंगावरच न्यावी लागली.

जुन्या कॅमेऱ्यांतील वंगण धगीने पातळ होऊन पसरते, झडपेच्या पात्यांवर येते, आणि मग पाती चिकटतात. मागच्या दाराच्या खाचेतील स्पंज वितळल्यासारखा चिकट होतो आणि तेथून उजेड आत शिरतो. ज्या कॅमेऱ्यांत भिंग आणि कापडी पडदा यांमध्ये आरसा नसतो, त्यांचे भिंग उघडे ठेवून सूर्याकडे तोंड करून ठेवले तर ते पडद्याला जाळून भोक पाडते. लहानपणी आरशी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे. काम नसेल तेव्हा टोपण लावावे. कॅमेऱ्याची पिशवी वाळूवर किंवा फरशीवर ठेवू नये. दुपारी वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे तापतो, तर तीन फूट वर, झाडाच्या फांदीला टांगलेल्या पिशवीला केवळ हवेचेच तापमान सोसावे लागते.

आता जे म्हणतील, की आमच्याजवळ फिल्मच नाही, भ्रमणध्वनी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच वापरण्याची मर्यादा दिलेली असते, आणि फोनची मर्यादा अनेकदा त्याहूनही खाली. चलच्चित्रण करताना यंत्र आतूनच तापते, त्यात बाहेरचे ऊन. मग ते आपण होऊन बंद पडते. प्रकाश टिपणारी चकती तापली की चित्रात रवा वाढतो. बॅटरी गरम मोटारीत ठेवल्याने तिचे आयुष्य घटते. फोन तापला तर त्याचे आवरण काढून तो सावलीत, वाऱ्यात ठेवावा. फ्रीजमध्ये घालू नये. आत दव धरते.

चित्र घेऊन झाले म्हणजे अर्धे काम झाले. प्रकाश लागलेल्या रोलावर जी सुप्त प्रतिमा असते, ती कोऱ्या रोलापेक्षाही नाजूक. धगीने ती पुसट होत जाते. पूर्वी घरोघरी छत्तीस चित्रांचा एक रोल गणपतीत सुरू होई, दिवाळीत चार चित्रे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची दोन, आणि उरलेला रोल परीक्षा होईपर्यंत कपाटावरच्या कॅमेऱ्यात. मे महिन्यात गावी गेल्यावर तो पुरा होई. अशा रोलात गणपतीची चित्रे फिकी का, याचे उत्तर छायाचित्रणाच्या दुकानात नव्हते. ते त्या कपाटावर होते. म्हणून सहलीसाठी चोवीस चित्रांचे रोल घ्यावेत, आणि सुरू केलेला रोल त्याच सहलीत संपवावा. एका रंगीत रोलाला आज हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात हे आम्ही जाणतो. तरीही शेवटची पाच चित्रे वाया गेली म्हणून पहिल्या एकोणिसांचा बळी देऊ नये.

थंडी काय करू शकते, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. स्वीडनचा साहसी प्रवासी आंद्रे १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि दोन सोबत्यांसह नाहीसा झाला. १९३० साली एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यांत चित्र घेतलेले रोल निघाले. तेहेतीस वर्षे बर्फात आणि ओलीत पडलेल्या त्या रोलांतून स्टॉकहोम येथे ९३ चित्रे हाती लागली. त्यांतील एकात, बर्फावर कोसळलेल्या बलूनजवळ माणसे उभी आहेत. तेहेतीस उन्हाळे जयपूरच्या गच्चीखालील माळ्यावर काढलेल्या रोलाकडून एवढी अपेक्षा करता येणार नाही.

आज रंगीत रोल धुणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या उरल्या आहेत. बहुतेकांना रोल कुरिअरने दिल्ली-मुंबईकडे पाठवावे लागतात. सावेदादांची लंडनची फीत आणि आपला रोल यांत या बाबतीत फारसे अंतर नाही. रोल शनिवारी पाठविला तर तो रविवारभर पत्र्याच्या गोदामात पडून राहतो. सोमवारी सकाळी पाठवावा. तोपर्यंत घट्ट पिशवीत घालून फ्रीजमध्ये.

कृष्णधवल रोल घरी धुणारे दोघे-तिघे आपल्यात आहेत, त्यांनी नळाच्या पाण्यावर विसंबू नये. गच्चीवरच्या टाकीतील पाणी मे महिन्यात दुपारी चाळिशीजवळ असते, आणि रसायनाला हवे वीस. पहाटे धुवावे, आणि माठाचे पाणी घ्यावे. ते चोवीस अंश असले तरी चालेल. धुण्याचा वेळ त्या हिशेबाने कमी करावा, मात्र पाच मिनिटांच्या खाली आणू नये. आणि सगळी पाणी एकाच तापमानाची असावीत, नाहीतर जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात.

मंडळाच्या कपाटाविषयीही कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. ते कपाट सध्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावून पाहावा. ते तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत हलविण्यास चार माणसे आणि एक सकाळ पुरेल.

सहलीचा क्रम आम्ही असा सुचवितो. जयपूरहून पहाटे चार वाजता निघावे, म्हणजे नऊ-दहापर्यंत नागौरला पोहोचू. दुपार मुक्कामीच काढावी. ताउसरला साडेपाच वाजता जावे आणि सूर्यास्तापर्यंत चित्रे घ्यावीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जाऊन आठच्या आत आटोपावे. या वेळा केवळ धगीच्या नव्हेत. तिरप्या उन्हात दगडावरचे कोरीव काम उठून दिसते, आणि दुपारी बाराला तेच सपाट होते. ज्या वेळी फिल्मला धोका अधिक, त्याच वेळी चित्रही निकृष्ट. ज्यांनी रोल आणावयाचे त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री पिशव्यांवर नावे घालून ते मंडळाच्या कार्यालयातील फ्रीजमध्ये आणून द्यावेत. पाण्याच्या सहा बाटल्या सकाळपासून गोठविण्यास ठेवल्या जातील. रोलांची पेटी कोणाच्या ताब्यात असावी हे अध्यक्षांनी ठरवावे. आमची सूचना एवढीच, की ती ज्यांच्याकडे फराळाची व्यवस्था आहे त्यांच्याकडे देऊ नये.